आजोबांचा रेडिओ का बंद झाला?

‘जुने ते सोने’ असे आपण म्हणतो, पण घरातील वडीलधारी मंडळी जुनी गाणी लावून बसली की तरुणांना तो वेळ घालवण्याचा उद्योग वाटतो. डॉक्टर म्हणून माझे मत निराळे आहे. म्हातारपणी जुनी गाणी ऐकणे हे प्रकृती ठीक असल्याचे एक लक्षण आहे आणि ते ऐकणे बंद होणे हेही एक लक्षणच आहे.

साधारण दहा ते तीस या वयातील आठवणी माणसाच्या मनात सर्वांत घट्ट रुजतात. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून गदिमा-बाबूजींचे ‘गीतरामायण’ सुरू झाले, तेव्हा शाळेत असलेली मुले आज ऐंशीच्या आसपास किंवा पुढे आहेत. १९७२ साली ‘पिंजरा’ पाहणारे तरुण आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. ती गाणी कानी पडली की त्यांना नुसती चाल आठवत नाही. त्या वेळचे घर, मित्र, टॉकीजबाहेरची रांग असे सगळेच आठवते. स्मृतिभ्रंशाचे काही रुग्ण मुलांची नावे विसरतात, पण लहानपणचे गाणे सुरात गुणगुणतात. गाण्याने हा आजार बरा होत नाही, मात्र रुग्ण शांत होतो आणि घरच्यांशी दोन शब्द बोलतो. हेही थोडे नाही.

गांधीबागेतील माझ्या दवाखान्यात एक सूनबाई सासऱ्यांना घेऊन आल्या. आजोबांनी कापडाच्या दुकानात हयात घालवली आणि रोज सकाळी रेडिओ लावण्याचा त्यांचा नेम होता. “डॉक्टरसाहेब, बाबा दोन महिन्यांपासून रेडिओच लावत नाहीत. वय झालं, दुसरं काय!” असे त्या म्हणाल्या. तपासले तर दोन्ही कानांत मळ घट्ट बसलेला. तो काढल्यावर थोडे बरे ऐकू येऊ लागले. पुढे श्रवणतपासणी होऊन यंत्र मिळाले. गाण्यातील शब्द कळेनात म्हणून आजोबांनी रेडिओ सोडला होता आणि संकोचापोटी ते कोणाला सांगत नव्हते.

तेव्हा वाचकहो, ‘वय झाले’ हे निदान घरी करू नका. आधी कान तपासून घ्या. वयोमानाने बारीक, उंच आवाज प्रथम ऐकू येईनासे होतात. त्यामुळे चाल कळते, पण शब्द कळत नाहीत. बहिरेपणाकडे दुर्लक्ष केल्यास माणूस एकाकी पडतो आणि स्मृतिभ्रंशाचा धोकाही वाढतो. कानात काडी, पिन किंवा गरम तेल घालू नये. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

कान ठीक असतील तर मनाचा विचार करावा. आवडत्या गोष्टींत दोन आठवड्यांहून अधिक काळ रस वाटत नसेल, झोप व भूक कमी झाली असेल, तर ते नैराश्य असू शकते. जोडीदार गेल्यानंतर हे पुष्कळदा दिसते. थायरॉइडची किंवा ‘बी-१२’ जीवनसत्त्वाची कमतरताही अशीच वाटू शकते. साध्या रक्ततपासणीत ती कळते आणि तिच्यावर औषध आहे.

हल्ली मुले आजीच्या हाती मोबाइल देतात, कानात इयरफोन घालून देतात आणि आपल्या कामाला लागतात. हे मला पटत नाही. आवाज मोठा ठेवल्याने उरलेली श्रवणशक्तीही जाते आणि माणूस एकटाच राहतो. आठवड्यातून एक संध्याकाळ सर्वांनी मिळून जुना चित्रपट पाहावा. अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले चालावे. मधुमेह्यांनी आणि पाय सुजणाऱ्यांनी तर अवश्य. “हा सिनेमा तुम्ही कुठल्या टॉकीजमध्ये पाहिला, सोबत कोण होतं?” असे विचारावे आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.

या औषधाला पैसे पडत नाहीत. फक्त घरातल्या कोणीतरी थोडा वेळ काढायला हवा.