झाकली मूठ आणि उघडी वही



स्मरणिकेच्या संपादकीयात वर्षभरातील कार्यक्रमांचा आढावा घ्यावा, दात्यांचे आभार मानावेत आणि पुढील वर्षाच्या संकल्पाने लेखणी खाली ठेवावी, असा आपला प्रघात आहे. यंदा तो मोडून आम्ही अशा विषयाकडे वळत आहोत, ज्याची चर्चा आपल्या घरांत दार लावून होते आणि पुष्कळदा तीही होत नाही. तो विषय म्हणजे कर्ज. आणि त्याहूनही, कर्जातून सुटण्याचा मार्ग विचारायला गेल्यावर आपण सांगतो तो अर्धवट हिशेब.

काही काळापूर्वी आपल्यातील एक गृहस्थ कार्यकारिणीकडे हातउसने पैसे मागण्यास आले. क्रेडिट कार्डांचे नऊ हजार पौंड देणे आहे, दोन हजारांची सोय झाली तर निभावेल, असे त्यांचे म्हणणे होते. आमच्यापैकी दोघे त्यांच्या घरी गेले आणि कागद पाहू लागले. प्रथम आणखी दोन कार्डे निघाली, मग मोटारीचे थकलेले हप्ते, मग कौन्सिल टॅक्सची न फोडलेली पाकिटे. मेहुण्याकडून घेतलेले चार हजार ‘घरातलेच’ म्हणून त्यांनी मोजलेच नव्हते. रात्री अकराच्या सुमारास बेरीज एकतीस हजारांवर थांबली. त्यांच्या पत्नी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून हे सारे प्रथमच ऐकत होत्या. त्यांनी एवढेच विचारले, ‘‘मी रात्रपाळ्या करून आणलेला पगार मग कशात जात होता?’’ त्या प्रश्नाला आमच्यापाशीही उत्तर नव्हते. आम्ही आधीच दोन हजार देऊन मोकळे झालो असतो, तर तेही त्याच विहिरीत गेले असते.

ही लपवाछपवी केवळ लबाडीतून येते असे आम्ही मानत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांची गरज सावकाराला कळली की व्याज वाढे आणि जमिनीचा तुकडा जाई. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही तेव्हा दुबळ्याची एकमेव ढाल होती. पुढे आपण परदेशी आलो, गावाने आपल्याला ‘लंडनवाले’ केले, आणि लंडनवाल्याला अडचण असते हे सांगण्याची सोयच उरली नाही. परंतु कर्ज ही लज्जेची बाब आहे, असे म्हणण्याचे आपल्याला तरी कारण नाही. अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी १९२० साली लंडनला परतताना बाबासाहेबांनी आपले पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेतले होते. भगवंतांनी अनाथपिंडिकाला सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांत ‘अनणसुख’, म्हणजे ऋणमुक्त असण्याचे सुख, आहे. ज्याचे ऋण त्याला स्वतःलाच मोजून ठाऊक नाही, त्याने या सुखाची आशा कोणत्या आधारावर करावी?

इंग्लंड आणि वेल्समधील व्यवस्था कशी चालते, ते थोडक्यात सांगतो. स्कॉटलंडचे नियम निराळे आहेत. सिटिझन्स ॲडव्हाइस, १९९३ पासून कार्यरत असलेली आणि आज स्टेपचेंज या नावाने ओळखली जाणारी संस्था, नॅशनल डेटलाइन, यांपैकी कोठेही सल्ला विनामूल्य मिळतो. त्यासाठी शुल्क मागणाऱ्या जाहिरातवाल्यांकडे जाण्याचे कारण नाही. मे २०२१ पासून सल्लागारामार्फत साठ दिवसांची उसंतही मिळू शकते; त्या काळात बहुतेक देण्यांवरील व्याज आणि वसुलीची कारवाई थांबते. पण कोणताही मार्ग धरा, सुरुवात एकाच कागदापासून होते. तो कागद म्हणजे घरच्या जमाखर्चाचे पत्रक. २०१७ पासून सल्ला-संस्थांत त्याचा एक समान नमुना रूढ झाला आहे. पगार, सरकारी भत्ते, घरभाडे, वीज-गॅस, किराणा, प्रवास, मुलांचे कपडे सारे त्यात मांडायचे आणि शेवटी धनकोंसाठी महिन्याला काय उरते ते पाहायचे. त्या एका आकड्यावर पुढची सारी इमारत उभी राहते.

या पत्रकात खोटेपणा दोन बाजूंनी शिरतो. देणे किंवा मालमत्ता लपवणे ही एक बाजू सर्वांना कळते. दुसरी बाजू आम्हांला अधिक चिंतेची वाटते, कारण तिला आपण सद्गुण समजतो. आपली माणसे खर्च कमी दाखवतात. चौघांच्या घराचा किराणा अशक्य वाटावा इतका थोडा लिहितात. चष्मा, दात, बूट, शाळेची सहल यांचे रकाने कोरे सोडतात, कारण ‘आम्ही काटकसरीने राहतो’ हे त्यांना सांगायचे असते. मग हप्ता मोठा ठरतो, तीन महिने उपाशीतापाशी भरला जातो आणि चौथ्या महिन्यात बॉयलर बिघडला की सारी योजना कोसळते. वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चाला बाराने भागून तो दरमहा मांडावा, ही साधी गोष्ट. पण मायदेशच्या विमानाचे तिकीट आम्ही अद्याप एकाही पत्रकात पाहिलेले नाही. ते दरवर्षी कार्डावरच निघते.

आई-वडिलांना पाठवायचे पैसे असेच किराण्यात दडवले जातात. सल्लागारापाशी काही खर्चांचे मार्गदर्शक आकडे असतात. आकडा त्याहून वाढला की तो कारण विचारणारच. त्या वेळी गोंधळण्यापेक्षा, नागपूरला आईच्या औषधांसाठी दरमहा इतके पाठवतो, असे आधीच सांगावे. ते सारेच्या सारे मान्य होईल असे नाही. परंतु त्यावर बोलता तरी येईल.

भिशीचेही तसेच. उचल आधीच घेतली असेल तर उरलेले हप्ते हे देणे आहे. ती अद्याप यायची असेल तर भरलेली रक्कम ही मालमत्ता आहे. भावाबरोबर समाईक घेतलेला नागपूरचा प्लॉट किंवा लॉकरमधले सोने ‘इथे नाही’ म्हणून गळत नाही. परदेशातील मालमत्ताही सांगावीच लागते. डेट रिलीफ ऑर्डर या मार्गाला आता शुल्क नाही आणि जून २०२४ पासून पन्नास हजार पौंडांपर्यंतचे देणे त्यात बसते. पण त्यासाठी मालमत्ता दोन हजारांच्या आत (मर्यादित किमतीची एक मोटार वेगळी) आणि महिन्याची शिल्लक पंचाहत्तर पौंडांच्या आत लागते. मालमत्ता दडवल्याचे उघडकीस आले तर हा आदेश रद्द होऊ शकतो, वर दोन ते पंधरा वर्षांचे निर्बंध येऊ शकतात. गंभीर प्रकरणी खटलाही भरला जातो.

मेहुण्याच्या चार हजारांविषयी थोडे अधिक सांगायला हवे. नात्यातले देणे आधी फेडावे, बँकेचे पाहता येईल, असे आपल्याला संस्कारानेच वाटते. कायद्याला तसे वाटत नाही. दिवाळखोरीपूर्वीच्या दोन वर्षांत आप्ताला झुकते माप देऊन फेडलेली रक्कम परत मागवली जाऊ शकते, म्हणजे ज्याची अब्रू राखायची त्याच्याच दारात पत्र जाते. मेहुणाही धनकोच, त्याचे नाव यादीत इतरांच्या ओळीत लिहावे. याउलट, केवळ पती-पत्नी असल्याने एकाच्या नावचे कर्ज दुसऱ्यावर येत नाही. दोघांच्या सहीने घेतलेल्या कर्जाला मात्र दोघेही पूर्ण रकमेला जबाबदार असतात. म्हणून हे पत्रक दोघांनी एका टेबलाशी बसून भरावे, असा आमचा आग्रह आहे. घरातली कमावती स्त्री दाराशी उभी राहून आकडे ऐकते, हे हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपदावर पाणी सोडणाऱ्या नेत्याच्या अनुयायांना शोभत नाही.

पुष्कळांना भीती असते ती बोभाट्याची. सल्लागार आपल्या गावचा नसतो, आपल्या लग्नाकार्यांना येत नाही आणि ऐकलेले बाहेर सांगत नाही. या एका बाबतीत परकेपणाचा आपल्याला लाभच आहे.

आता आमच्याकडे. वर उल्लेखिलेल्या गृहस्थांच्या कार्डाच्या कागदांत एक ओळ आमच्या संस्थेची होती: जयंतीच्या कार्यक्रमातील देणगी, पाचशे एक पौंड. त्या संध्याकाळी आम्हीच ती रक्कम ध्वनिक्षेपकावरून जाहीर केली होती, टाळ्या झाल्या होत्या आणि मागील स्मरणिकेत ती नावासमोर ठळक अक्षरांत छापली होती. ते पैसे परत करू असे आम्ही म्हणालो, तेव्हा त्यांना सर्वांत जास्त वाईट वाटले. अखेर त्यांनी ते घेतले. त्यांचे पत्रक आता भरून झाले आहे, त्यात मेहुण्याचे नाव आहे, आईची औषधे आहेत. आमची वर्गणी नाही, आणि ती असू नये असे आम्हीच सुचवले.

या अंकाच्या अखेरीस दात्यांची यादी नेहमीप्रमाणे दिली आहे. नावे अकारविल्हे आहेत. यंदापासून नावांपुढे रकमा छापलेल्या नाहीत.

— संपादक मंडळ