गाडीखालची माती

घरगुती गणपती सजावट स्पर्धेचे परीक्षक यंदा आमच्या पुतण्याकडे आले आणि देखाव्यासमोर उभं राहून त्यांनी एकच विचारलं, "गाडी चालते का?" चालत नव्हती. कागदावर काहीतरी टिपून मंडळी पुढच्या घरी गेली. खाली वाकून एकानेही पाहिलं नाही, याचा मला अजून राग आहे. गुणांच्या तक्त्यात 'हलता देखावा' आणि 'रोषणाई' यांना वेगळे रकाने आहेत. निरीक्षणाला एकही नाही.

देखावा माथेरानच्या गाडीचा. पीरभॉय कुटुंबाने बांधलेला हा मार्ग १९०७ साली सुरू झाला. नेरळपासून सुमारे २१ किलोमीटर, रुळांमधलं अंतर दोन फूट. २०१९च्या पावसात मार्गाची दैना झाली आणि नेरळहून गाडी पुन्हा सुटली ती ऑक्टोबर २०२२मध्ये.

पोराने सगळं ८७ पट लहान करायचं ठरवलं. त्या मापात दोन फुटांचे सात मिलिमीटर होतात. दुकानात सहज मिळतो तो रूळ नऊ मिलिमीटरचा, आणि मोटरची छोटी इंजिनंही त्यावरच धावणारी. "नऊचा घेतला तर गाडी चालेल काका, पण ती माथेरानची वाटणार नाही," असं म्हणून त्याने तांब्याच्या तारेचे रूळ आणि आइस्क्रीमच्या काड्यांचे स्लीपर केले. धावणं सोडून त्याने माप पाळलं. याला गुण नकोत?

आणि माती! माथेरानचा डोंगर खाली काळ्या बसाल्टचा आहे, माथ्यावर जांभ्याचा थर. नेरळहून निघताना कडेला काळे-करडे दगड दिसतात आणि माथ्याजवळच्या अमन लॉज स्टेशनला उतरलात की पायताणं लाल होतात. माथेरानचा देखावा म्हटला की बहुतेक जण पायथ्यापासून सगळा डोंगर लाल रंगवून मोकळे होतात. याने वाटेतलं खालचं जुम्मापट्टी स्टेशन करडं ठेवलं आणि लाल रंग फक्त माथ्यावर आणला.

तो आणलाही रंगाच्या डबीतून नाही. विटेचा चुरा कुटला, त्यात चिमूटभर गेरू मिसळला आणि चहाच्या गाळणीने रुळांच्या कडेला भुरभुरवला. त्यावर नुसतं पातळ फेव्हिकॉल सोडलं की थेंबाची गोळी होते आणि ती धूळ घेऊन घरंगळते. म्हणून आधी भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घातलेलं पाणी फवारायचं, मग दुप्पट पाण्यात कालवलेलं फेव्हिकॉल ड्रॉपरने कडेकडेने सोडायचं. ते आपोआप आत मुरतं. रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी माती घट्ट बसलेली असते, तरी दिसते मात्र सुटी, कोरडी, उन्हाळ्यातल्या माथेरानसारखी.

खरी माती तिथून उचलून आणू नका, हे मुलांना आवर्जून सांगा. माथेरान २००३पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि तिथल्या मातीची धूप आधीच होते आहे. वीट कुठेही मिळते. डोंगरासाठी थर्माकोलही लागत नाही, रद्दी आणि खळ पुरते.

दिवाळीत किल्ल्यांच्या स्पर्धा येतील. आयोजकांनी तक्त्यात निरीक्षणाचा रकाना घालावा आणि त्याला सर्वांत जास्त गुण ठेवावेत. आपल्या डोंगराची माती कुठे काळी आणि कुठे लाल, हे ज्या मुलाने डोळ्यांनी पाहून हातांनी केलं, त्याला तो डोंगर कळला आहे.