नाटकाचं पुस्तक चाललं की पडलं, हे ठरवायचं कसं?

‘हाउसफुल्ल’चा बोर्ड, पाचशेव्या प्रयोगाचं पोस्टर, नाट्यगृहाबाहेरची रांग. व्यावसायिक नाटक चाललं की नाही, हे तुम्हाला मोबाइलवरच कळतं. पण नाटकाचं छापील पुस्तक, म्हणजे संहिता, चालली की नाही हे कुठे दिसतं? कोकणात हा प्रश्न महत्त्वाचा आहे. गणपती, शिमगा, वाडीची सार्वजनिक पूजा अशा निमित्तांनी इथली हौशी मंडळी वर्षानुवर्षं नाटकं करत आली आहेत.

नुसता खप का पुरत नाही?

कादंबरी वाचायला घेतात, नाटक करायला. समजा, चिपळूण तालुक्यातल्या सावर्ड्याच्या एका वाडीने शिमग्यात दोन अंकी नाटक करायचं ठरवलं. पुस्तक एकच आणलं. आठ जणांनी आपापली नक्कल उतरवून घेतली किंवा पानांचे फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकले. निम्म्या तालमी चाकरमान्यांनी मुंबईत केल्या, प्रयोग गावात झाला, तीनशे माणसांनी पाहिला. प्रकाशकाच्या हिशेबात नोंद किती? एक प्रत.

उलट एखादं नाटक कॉलेजच्या अभ्यासक्रमाला लागलं, तर प्रती भराभर खपतात. प्रयोग मात्र एकही होत नाही. पहिलं पुस्तक वापरलं गेलं, दुसरं विकलं गेलं. दोन्हींना एकाच मापाने मोजलं की उत्तर चुकतं.

परदेशातही हाच पेच

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या खेळात मित्र टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एक पात्र घेतो आणि एक जण गोष्ट चालवतो. अशा तयार गोष्टींची, म्हणजे साहसांची, पुस्तकं छापली जातात. पुस्तक घेतो तो गोष्ट चालवणारा. खेळणाऱ्यांनी ते आधी वाचायचंच नसतं. ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ हे त्यातलं गाजलेलं पुस्तक. पण काही वर्षं ते नवशिक्यांसाठीच्या बॉक्समध्येही घालून मिळायचं. मग खप गोष्टीचा धरायचा की बॉक्सचा?

तिथे एक सोय मात्र आहे. ‘ड्राइव्हथ्रू आरपीजी’ या ऑनलाइन दुकानात विक्रीनुसार पुस्तकावर बिल्ला लागतो. ५० प्रती ओलांडल्या की तांब्याचा, १,००० ओलांडल्या की प्लॅटिनमचा. आकडा लहान असला तरी तो सगळ्यांना दिसतो. आपल्याकडे पुस्तकावर ‘चौथी आवृत्ती’ असं छापलेलं असतं. आवृत्ती किती प्रतींची, हे बहुधा नसतं. ३०० प्रतींच्या चार आवृत्त्या आणि २,००० प्रतींची एकच आवृत्ती, यांत जास्त खप कुणाचा हे उघड आहे.

मग प्रयोग मोजावेत का?

व्यावसायिक रंगभूमीवर ते मोजले जातात. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ १९८० साली रंगभूमीवर आलं आणि त्याचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले. विषय काय, तर गावातल्या मंडळींनी बसवलेल्या नाटकाची उडालेली त्रेधा! पण ज्या हौशी मंडळींवर ते बेतलं आहे, त्यांचे स्वतःचे प्रयोग कुठल्याच वहीत चढत नाहीत. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या संस्थेला लेखकाचं परवानगीपत्र लागतं, म्हणून तिथे निदान कागद राहतो. वाडीतल्या मांडवात तोही राहत नाही.

याचं एक कारण कायद्यातच आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ सांगतं की हौशी संस्थेने तिकीट न लावता किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी प्रयोग केला, तर तो कॉपीराइटचा भंग ठरत नाही. म्हणजे पूजेच्या रात्रीच्या फुकट नाटकासाठी लेखकाला मानधन देण्याची सक्ती नाही. मात्र मंडळाच्या खर्चासाठी तिकीट लावलं, तर ही सवलत मिळत नाही आणि परवानगी घ्यावी लागते.

सवलत योग्यच आहे. तिच्याशिवाय कित्येक वाड्यांत नाटक झालंच नसतं. पण तिचा परिणाम असा की गावोगाव सर्वात जास्त होणारं नाटक कागदावर पडेल दिसू शकतं.

यात बिघडतं काय?

प्रकाशक पुन्हा छापायचं की नाही हे खपावर ठरवतो. खप दिसला नाही की पुस्तक बाजारातून जातं आणि पुढच्या वर्षी मंडळ झेरॉक्सच्या झेरॉक्सवर तालीम करतं. लेखकालाही कळत नाही की मोजकी पात्रं आणि एकच नेपथ्य असलेलं आपलं नाटक गावांना हवं आहे. मग तो तसं दुसरं लिहीत नाही.

म्हणून नाटकाचं पुस्तक चाललं का, हे विचारताना तीन आकडे वेगळे धरा:

• प्रती किती गेल्या, आणि त्यात अभ्यासक्रमाच्या किती?
• वेगवेगळ्या किती संस्थांनी ते केलं? एकाच संस्थेचे शंभर प्रयोग हे बरंचसं नटांचं यश. शंभर संस्थांचा एकेक प्रयोग हे संहितेचं.
• परवानगीच्या मानधनातून लेखकाला काय मिळालं?

दुसरा आकडा आज कुणाकडेच नीट नाही, आणि तो फक्त मंडळंच देऊ शकतात. यंदा नाटक बसवणार असाल, तर झेरॉक्सऐवजी दोन प्रती जास्त घ्या. बॅनरवर देणगीदारांच्या नावांसोबत लेखकाचंही नाव घाला. आणि प्रयोग झाल्यावर फोटो टाकाल, तेव्हा नाटकाचं नाव, गाव आणि तारीख लिहून लेखक-प्रकाशकांना कळवा. कायदा हे मागत नाही, पण पुढची आवृत्ती निघायची तर तेवढी नोंद हवी.