पूर ओसरला, गावची वही कोठे आहे?

"गंगामाई कोपली" म्हणून पुरात खणनारळ सोडणारे लोक नांदेडच्या घाटावर आजही दिसतात. ज्याची श्रद्धा त्याजपाशी. आमचे म्हणणे एवढेच की, कोप सांगून येत नाही, धरणाचे पाणी मात्र सांगून सोडता येते. वर पाऊस झाला, जायकवाडीतून पाणी सुटले, की विष्णुपुरीचे दरवाजे उचलावे लागतात. दरवाजा उचलणारा माणूसच असतो. मग त्याचा इशारा नदीकाठच्या कोणत्या घरी, किती वाजता पोचला, हे शेतकऱ्याने विचारू नये काय?

17 ऑगस्ट 2025 च्या रात्री मुखेड तालुक्यात आभाळ फाटले. रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली या लेंडी धरणाच्या बुडीत क्षेत्रातल्या गावांत पाणी शिरले. ज्यांच्या पुनर्वसनाचे रडगाणे वर्षानुवर्षे चालले, त्यांच्याच दारी हे पाणी आले! हसनाळात माणसे गेली, जनावरे दावणीलाच मेली, शेवटी लष्कर बोलवावे लागले. पुढच्याच महिन्यात लातूरकडे मांजरा व तेरणा सोयाबीनच्या शेतांतून वाहिल्या. याच लातुरास एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते.

पूर ओसरला की पंचनामा येतो. लिहिणारा सातबारा उघडतो, व ज्याचे नाव त्यावर, त्याचेच पीक वाहिले असे सरकारदरबारी ठरते. बटाईने कसणाऱ्याने बी घातले, घाम घातला. कागदावर तो नाहीच. लोहाराचा भाता, कुंभाराची कच्ची मडकी, चांभाराची रापी आणि कातडी, मजूर बाईच्या दोन शेळ्या, यांचा सातबारा कोठून आणावा? 2022 ते 2026 साठी केंद्राने ठरविलेल्या दरांत दुभत्या गाई-म्हशीस 37,500, बैलास 32,000 व शेळीस 4,000 रुपये होते. हातमाग व हस्तकलेच्या कारागिरांच्या हत्यारांचेही कलम होते. पण शेळी होती याचा दाखला काय? ती तर वाहून गेली. जोतीरावांच्या काळी कुळकर्ण्याची लेखणी लिहील ते खरे, अशी स्थिती होती. कुळकर्णी गेला, लेखणी आपल्या मुलांच्या हाती आली, गावोगाव पदवीधर पोरे पारावर बसून आहेत. तरी आपले नुकसान परक्यानेच येऊन लिहावे, ही आम्हांस शरमेची गोष्ट वाटते.

आमच्या बायामाणसांस हे जमणार नाही, असे कोणी म्हणेल तर त्याने किल्लारीकडे पाहावे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात सात हजारांहून अधिक लोक दगावले. पुढे घरांच्या दुरुस्तीचे काम निघाले, तेव्हा लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत गावोगावच्या बायकांस 'संवाद सहायक' नेमले. चूल सांभाळून त्यांनी कोणाचा हप्ता अडला, कोणाच्या भिंतीत खोट राहिली, हे पाहिले आणि सभेत उभे राहून विचारले. 2001 मध्ये कच्छात भूकंप झाला, तेव्हा या भागातल्या बायका तेथील बहिणींस धीर देण्यास व काम शिकविण्यास गेल्या. ज्यांना मोठ्याने बोलू नको म्हणून वाढविले, त्या परमुलखात शिकवू लागल्या! हे शहाणपण आमच्याच जिल्ह्याचे. पुरासाठी ते आम्ही का वापरू नये?

तेव्हा गावाने स्वतःची वही करावी. घरोघरची माणसे, त्यांत म्हातारे, पांगळे, गरोदर बाई कोणत्या घरी, गुरे, शेळ्या, बटाईचे शेत कोणते, कोणाकडे, कारागिराची हत्यारे. शेळ्यामेंढ्यांचा धन्यासह फोटो घेऊन ठेवावा. मोबाइल आता घरोघर आहे. नदी चढली तर दावे कोण कापणार, कोणी कोणत्या उंच जागी जायचे, हेही तीत असावे; आणि ती जागा साऱ्या गावाला खुली हवी, तेथे जात विचारणाऱ्यास आधी बाहेर काढावे. भोई व कोळी बंधूंची नावे सर्वांत वर लिहावीत. नदीचा डोह त्यांनाच ठाऊक. पुरात पहिली हाक त्यांना, आणि मदतीच्या यादीत नाव शेवटी, हा जुना अन्याय आहे.

असल्या तयारीने काय होते ते ओरिसाने दाखविले. 1999 च्या चक्रीवादळात तेथे सुमारे 10,000 माणसे गेली. 2013 च्या फायलिनात आधीच लाखो लोक हलविले, तेव्हा बळी काही दहांवर थांबले.

सरकारने करायचे ते सरकारकडून घेतलेच पाहिजे. खरडलेल्या जमिनीवर माती आणणे एकट्या शेतकऱ्याच्या बैलजोडीचे काम नव्हे. जोतीरावांनी 1883 च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये पलटणी व पोलीस लावून ताली-बंधारे घालावेत, म्हणजे डोंगरचे पाणी व माती शेतात मुरेल, असे सुचविले होते. मागणे आपण मागत राहू. वहीला मात्र कोणाची मंजुरी लागत नाही. मृगाआधी ती पुरी करावी, 1 मेच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचावी, राहिलेली घरे तेथेच लिहून घ्यावीत. एक नक्कल तहसिलीत द्यावी, व पोच घेतल्यावाचून परत येऊ नये.