ज्ञानपंचमीची भेट

दीपावली जवळ आली की आपल्या पेढ्यांवर दोन याद्या होतात. एक येण्या-देण्याची, दुसरी भेटवस्तूंची. पहिलीवर मुनीमजींसह घरातील थोरांची नजर फिरते. दुसरीत मात्र सुक्या मेव्याचे किती डबे मागवायचे एवढेच ठरवायचे उरलेले असते. अलीकडे काही कुटुंबे या दुसऱ्या यादीत पुस्तकालाही स्थान देऊ लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु तेथेही ‘एकच पुस्तक, दोनशे प्रती’ हा डब्यांचाच हिशेब चालत असेल, तर थोडे थांबून विचार करावा असे वाटते.

मावळ तालुक्यातील सुदुंबरे येथे संत संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. चाकणचे हे संताजी व्यवसायाने तेली. घाण्यावर तेल काढावे, विकावे आणि हिशेब ठेवावा हा त्यांचा प्रपंच. तुकाराम महाराजांच्या चौदा टाळकऱ्यांत त्यांची गणना होते. तुकोबांचे अभंग त्यांनी आपल्या वह्यांत लिहून ठेवले, आणि त्या वह्या वंशजांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. सुमारे शंभर वर्षांपूर्वी ‘महाराष्ट्र सारस्वत’कार विनायक लक्ष्मण भावे यांनी त्यांच्या आधारे गाथा छापून प्रसिद्ध केली. तुकोबाही दुकानदारीच्याच घरातले. त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली, असे परंपरा सांगते. ज्या वह्यांत लोकांकडून येणे होते त्या बुडाल्या. ज्या वहीत लोकांना देणे होते ती एका व्यापाऱ्याच्या हाताने राहिली. आपल्यासारख्या वही पूजणाऱ्या समाजाने यावर क्षणभर मन स्थिर करावे.

आपल्याकडे आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. शास्त्रदानाचे सर्वांत देदीप्यमान उदाहरण दहाव्या शतकातील कर्नाटकात आढळते. ‘दानचिंतामणी’ म्हणून गौरविल्या गेलेल्या अत्तिमब्बे या श्राविकेने कवी पोन्नाच्या ‘शांतिपुराणा’च्या एक हजार प्रती लिहवून घेऊन वाटल्या. छपाईची कला नव्हती. एकेक अक्षर ताडपत्रावर कोरावे लागे. आपल्या जवळच्या काळात सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी १९४४ मध्ये आपली सर्व संपत्ती ग्रंथप्रकाशनाच्या कार्यास अर्पण केली. त्यांच्या नावाच्या ग्रंथमालेतून निघालेली पुस्तके आजही अभ्यासकांच्या हाती आहेत.

या दोन्ही दात्यांच्या काळी ग्रंथ दुर्मीळ होता. प्रती वाढविणे म्हणजेच ग्रंथ वाचविणे होते. म्हणून एकाच ग्रंथाच्या हजार प्रती हे महादान ठरले. आज हजार प्रती छापणे ही काही दिवसांची गोष्ट आहे. आज दुर्मीळ झाला आहे तो वाचक. तेव्हा ज्याला दानाचे तेच पुण्य जोडायचे आहे, त्याने प्रतींची संख्या मोजण्यापेक्षा प्रत्येक प्रतीमागे एक वाचक शोधावा. हे काम पैशाने होत नाही. त्याला माणसाची ओळख आणि थोडा वेळ लागतो, आणि व्यापाऱ्याकडे वेळच सर्वांत महाग असतो.

येथे एक विवेक आवश्यक आहे. शास्त्रग्रंथ आणि वाचनाचे पुस्तक या दोन भेटी वेगळ्या आहेत. आगमादी ग्रंथांची आशातना होऊ नये म्हणून आपण ते उंच जागी, वेष्टनात ठेवतो. ज्याच्या घरी हा नेम पाळला जाणार नाही, त्याला असा ग्रंथ दिल्यास त्याच्यावर ओझेच येते. आणि ज्याच्या घरी तो पाळला जाईल, तेथे तो पुष्कळदा वेष्टनातच राहतो. स्वाध्याय करणाऱ्यास शास्त्रग्रंथ अवश्य द्यावा. इतरांना असे पुस्तक द्यावे, जे उशाशी ठेवता येईल, प्रवासात नेता येईल, शेजाऱ्यास वाचावयास देता येईल.

निवड करताना भावापेक्षा माणूस पाहावा. आजोबा-आजींसाठी ठळक टाइपाचे व हाती पेलेल इतके हलके पुस्तक घ्यावे. भरजरी बांधणीचा जाड ग्रंथ त्यांच्या मनगटास सोसत नाही. घरातील सुनेला पाककृतींचेच पुस्तक का द्यावे? लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ किंवा इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ देऊन पाहावे. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या नातवाला मराठीचा धाक वाटत असेल, तर भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ तो धाक हसत-खेळत घालवील. गडांवर भटकणाऱ्या पुतण्याला तळेगाव दाभाडे येथे वास्तव्य केलेल्या गो. नी. दांडेकरांचे ‘माचीवरला बुधा’ द्यावे. राजमाची त्याने पायांनी पाहिली असेल, ती आता मनाने पाहील. तुकोबांच्या चरित्राची ओढ असणाऱ्यास त्यांचीच ‘तुका आकाशाएवढा’ ही कादंबरी आवडेल. आणि पेढीवरच्या हमालाच्या, ड्रायव्हरच्या मुलामुलींना विसरू नये. चांगला शब्दकोश किंवा नकाशांचे पुस्तक त्यांच्या घरी वर्षानुवर्षे उपयोगी पडते, आणि आपल्या घरी तिसरी प्रत म्हणून धूळ खाते.

ज्याची आवड मुळीच ठाऊक नाही, त्याला दिवाळी अंक द्यावा. ‘मनोरंजन’कार का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरांत फराळाबरोबर अंक ही जोडी रूढ आहे. एका अंकात अनेक लेखक भेटतात. त्यांतला कोणता आवडला हे पुढच्या वर्षी विचारावे, म्हणजे निवड आपोआप सोपी होते.

पुस्तकावर पेढीचा शिक्का किंवा जाहिरातीची चिठ्ठी लावू नये. पहिल्या कोऱ्या पानावर घेणाऱ्याचे नाव, तिथी आणि ‘हे तुम्हालाच का’ हे सांगणारी एक ओळ स्वहस्ते लिहावी. दोनशे ओळी लिहिणे शक्य नसेल, तर वीसच पुस्तके द्यावीत. उरलेल्यांना डबा आहेच.

आणि पुस्तक दीपावलीच्या गर्दीतच पोहोचले पाहिजे असे नाही. कार्तिक शुद्ध पंचमीस आपण ज्ञानपंचमी म्हणतो. ज्ञानभांडारांतील पोथ्या या दिवशी बाहेर काढून झाडून-पुसून पूजण्याची प्रथा आहे. बाजारात याच तिथीला लाभपंचमी म्हणतात आणि अनेक पेढ्या त्या दिवशी नव्या वर्षाचे व्यवहार सुरू करतात. भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी, मिठाई संपून घर शांत झाल्यावर आलेले पुस्तक उघडले जाण्याची शक्यता अधिक. तेव्हा या वर्षी भेटींची यादी करताना डब्यांच्या आकड्याखाली थोडी जागा मोकळी ठेवावी, आणि तेथे आकडा न लिहिता नावे लिहावीत.