बँकेचे ॲप येणार. त्याचा काटा कोण तपासणार?



उसाची गाडी काट्यावर चढली की आपण खाली उतरतो, आकडा डोळ्यांनी बघतो आणि मगच पावती खिशात घालतो. काटामारीचा अनुभव घेऊन शिकलेले हे शहाणपण आहे. आता दुसरा एक काटा आपल्या दारात येतो आहे आणि तो तर आपल्याच खिशात बसणार आहे. काही जिल्हा मध्यवर्ती बँकांचे मोबाईल ॲप आले आहे, काहींचे येऊ घातले आहे. संचालक मंडळात ठराव होतो, निविदा निघते, शहरातली एखादी कंपनी काम घेते. उद्घाटनाला मंत्री येतात, फीत कापली जाते. ज्याच्या पैशावर हा सगळा कारभार चालतो त्या शेतकऱ्याला मधल्या काळात कोणी एका शब्दाने विचारत नाही की, बाबा, तुला यात काय हवे?

आधीच सांगतो, मी ॲपच्या विरोधात नाही. तालुक्याच्या शाखेत जाण्यायेण्यात एक दिवस मोडतो. रोजंदारी बुडते, एसटीचे भाडे जाते आणि खिडकीपाशी गेल्यावर कळते की आज लिंक नाही. हे ज्याने भोगले आहे तो फोनवरच्या बँकेला नको म्हणणार नाही. युपीआय २०१६ च्या एप्रिलमध्ये आले. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटबंदी झाली आणि १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने जिल्हा बँकांना जुन्या नोटा स्वीकारायला मनाई केली. आपली बँक आपल्याच नोटा घेईना, अशी अवस्था झाली. त्यानंतर आपली तरुण मुले फोनवरून व्यवहार करायला शिकली, पण ते दुसऱ्यांच्या बँकांतून. जिल्हा बँकेने हे काम केले नाही तर पुढची पिढी तिच्या पायरीवर चढणार नाही. तेव्हा ॲप व्हावे. प्रश्न एवढाच आहे की ते कोणाच्या सोयीने व्हावे?

आधी बघा, मग बांधा

या बाबतीत आफ्रिकेतल्या केनिया देशाचे उदाहरण घेण्यासारखे आहे. तिथल्या सफारीकॉम या फोन कंपनीने २००७ साली एम-पेसा नावाची सेवा सुरू केली. आधी लहान प्रमाणावर चाचणी घेतली होती. मूळ बेत असा होता की, छोटे कर्ज घेतलेल्यांनी आपले हप्ते फोनवरून भरावेत. चाचणीत दिसले भलतेच. लोक त्या सोयीने एकमेकांना पैसे पाठवू लागले. शहरात राबणारा माणूस गावाकडे पैसे धाडू लागला. कंपनीने आपला हेका सोडला आणि 'घरी पैसे पाठवा' हेच सेवेचे मुख्य काम ठरवले. सेवा साध्या फोनवर चालली आणि रोख भरायला-काढायला गावोगाव दुकानदार एजंट नेमले. म्हणून ती रुजली. ज्यांना वापरायचे आहे त्यांना आधी वापरताना बघायचे आणि मग बांधायचे, हा त्यातला धडा आहे. आपल्याकडे याच्या उलट चालते. आधी बांधतात आणि मग लोकांना अडाणी म्हणतात.

म्हणून पहिली मागणी ही की, ॲप सगळ्या जिल्ह्यात सोडण्यापूर्वी प्रत्येक तालुक्यातल्या दोन-चार गावांत ते वापरून बघावे. तेही पाच वर्षांच्या जुन्या, काच तडकलेल्या, जागा भरत आलेल्या फोनवर. रेंज एक काडी असलेल्या मळ्यात. साठी ओलांडलेल्या माणसाच्या हातात. ॲप बनवणाऱ्याने शेजारी बसून फक्त बघावे, बोट दाखवू नये. माणूस कुठे अडतो ते टिपून घ्यावे. शिवाय एकाच दिवशी सगळ्यांची झुंबड उडते तेव्हा काय होते, याची परीक्षा आधी घ्यावी. ३१ मार्चची कर्जभरणी किंवा किसान सन्मानचा हप्ता जमा होण्याचा दिवस, त्या दिवशी यंत्रणा बसली तर बाकी वर्षभर चालून काय उपयोग?

अडकलेला पैसा कोणाचा?

माझाच अनुभव सांगतो. मागच्या खरिपात खताचे ८,४०० रुपये फोनवरून दिले. चक्र फिरत राहिले. माझ्या खात्यातून पैसे गेले, पण कृषी सेवा केंद्रवाला म्हणाला, "दादा, माझ्याकडे काही आलेलं नाही." ओळखीचा म्हणून त्याने उधारीवर खत दिले, नाहीतर पेरणी अडली असती. पैसे परत आले ते अकरा दिवसांनी. बँकेत विचारले तर साहेब म्हणाले, "आले ना परत? मग झालं तर."

झाले कसे? रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ ला परिपत्रक काढून याचा हिशेब घालून दिला आहे. दुकानदाराला युपीआयने दिलेले पैसे आपल्या खात्यातून गेले आणि त्याला त्याची खबर पोचली नाही, तर पाच दिवसांच्या आत ते परत आले पाहिजेत. त्यानंतर प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. माणसामाणसातल्या व्यवहारात तर एकाच दिवसाची मुदत आहे. आणि ही भरपाई ग्राहकाने अर्ज करायची वाट न बघता बँकेने आपणहून द्यायची आहे. म्हणजे माझे सहा दिवसांचे ६०० रुपये झाले. ते मला कोणी दिले नाहीत आणि मलाही तेव्हा नियम ठाऊक नव्हता. आपला हप्ता एक दिवस चुकला तर व्याज आपोआप चढते. बँकेचा दिवस चुकला तर भरपाई आपोआप का चढत नाही? जे यंत्र व्याज मोजते तेच यंत्र भरपाईही मोजू शकते. फक्त तसे त्याला शिकवायला हवे, आणि ते शिकवण्याची वेळ ॲप बनत असतानाची आहे.

यातच दुसरी गोष्ट येते. चक्र फिरत राहिले की माणूस घाबरून पुन्हा बटण दाबतो. पैसे दोनदा जाण्याची भीती तिथेच असते. यावर उपाय आहे. काट्यावर प्रत्येक गाडीची पावती वेगळ्या नंबरची असते, तसा प्रत्येक व्यवहाराला फोनमधून निघण्याआधीच नंबर पडावा. तोच नंबर पुन्हा आला तर बँकेच्या यंत्राने ओळखावे की हा जुनाच व्यवहार आहे, आणि दुसऱ्यांदा पैसे कापू नयेत. जाणकार हे करतातच. आपल्या बँकेने घेतलेल्या कंपनीने केले आहे की नाही, हे विचारण्याचा हक्क आपला आहे.

आणि पडद्यावर लिहिलेले मराठी माणसाला समजेल असे असावे. 'आपला व्यवहार प्रक्रियाधीन आहे' याचा अर्थ काय घ्यायचा? त्याऐवजी सरळ लिहा: 'पैसे अजून पोचले नाहीत. पुन्हा पाठवू नका. अमुक तारखेपर्यंत परत येतील.' जमा, नावे, शिल्लक, उचल, मुद्दल हे शब्द आपल्या आजोबांनाही कळत होते. ते सोडून यंत्राने भाषांतर केलेली मराठी आमच्या माथी मारू नका.

कर्जाचे पान उघडा

आता खऱ्या दुखण्याकडे येऊ. ॲपमध्ये बचत खात्याची शिल्लक दिसेल, विजेचे बिल भरता येईल, मोबाईल रिचार्ज होईल. पण शेतकऱ्याचा बँकेशी मुख्य संबंध बचतीचा नसून कर्जाचा आहे. आणि ते कर्ज बहुतेकांचे गावातल्या विकास सोसायटीच्या खात्यात असते. बँक सोसायटीला देते, सोसायटी आपल्याला देते आणि हिशेब गटसचिवाच्या दप्तरात राहतो. सोसायटीचे दप्तर बँकेच्या यंत्राला जोडले नाही तर ॲपमध्ये कर्जाचे पान कोरेच राहणार. सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना केंद्राने जून २०२२ मध्ये मंजूर केली. ६३,००० संस्था आणि २,५१६ कोटी रुपये असा तो आराखडा होता. आपल्या सोसायटीत संगणक आला का, आला असेल तर तो चालू आहे की कापडाने झाकून ठेवला आहे, आणि त्यातला हिशेब सभासदाला दिसतो का, हे तीन प्रश्न प्रत्येकाने आपल्या गावात विचारावेत.

कर्जाच्या पानावर काय दिसावे? मंजूर किती झाले, हातात किती पडले. मधले कुठे गेले? शेअर्सपोटी किती कापले, विम्यापोटी किती? २०२० च्या खरिपापासून पीकविमा कर्जदारालाही ऐच्छिक केला आहे. नको असेल तर मुदतीआधी लेखी कळवायचे असते. ते कळवण्याची सोय ॲपमध्ये का नसावी? हप्ता कापण्याआधी निरोप का येऊ नये? व्याज कोणत्या दराने, कोणत्या तारखेपासून? व्याजसवलत टिकवायची तर शेवटची तारीख कोणती? ही तारीख महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि आदल्या दिवशी फोनवर वाजली पाहिजे. वसुलीचा निरोप वेळेवर येतो, सवलतीचा निरोपही वेळेवर यावा. आणि खात्यावर बँकेने 'होल्ड' लावला असेल, मदतीचे किंवा अनुदानाचे पैसे कर्जात वळते केले असतील, तर ते कोणी, कोणत्या तारखेला, कोणत्या आदेशाने केले ते तिथेच लिहिलेले दिसावे. आज ते शाखेत चार चकरा मारल्यावर कळते.

चोर आला तर

फसवणुकीची भीती खोटी नाही. युपीआयमध्ये पैसे 'मागण्याची' एक सोय होती. भामटा फोन करून म्हणायचा, "काका, तुमच्या मालाचे पैसे पाठवतो, फक्त पिन टाका." पिन टाकला की पैसे यायच्या ऐवजी जायचे. माणसामाणसातली ही सोय २०२५ च्या ऑक्टोबरपासून बंद करण्याचा आदेश निघाला. म्हणजे दोष फक्त भोळ्या माणसाचा नव्हता, सोय ज्या पद्धतीने बांधली होती तिचाही होता. ती बंद व्हायला इतकी वर्षे लागली, आणि तोवर ज्यांचे गेले त्यांचे गेले. एक गोष्ट घरात सगळ्यांना पाठ करायला लावा: पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो द्यायलाच.

सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने १४ डिसेंबर २०१७ ला परिपत्रक काढले. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर तोशीस नाही. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कोणाची आहे, आणि ग्राहकाने तीन कामाच्या दिवसांत कळवले, तरी त्याच्यावर तोशीस नाही. ग्राहकाचीच चूक आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर. पिन आपणच कोणाला सांगितला तर कळवेपर्यंतचे नुकसान मात्र आपले. म्हणून कळवायला उशीर नको. ॲपच्या पहिल्याच पानावर 'माझे पैसे चोरीला गेले' असे ठळक बटण असावे. ते दाबताच खाते गोठावे, तक्रारीचा नंबर पडावा आणि सायबर गुन्ह्यांचा १९३० हा क्रमांक लागावा. रविवारी आणि रात्रीसुद्धा.

मायबहिणींचा प्रश्न वेगळाच आहे. खाते तिच्या नावावर, फोन नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात. पैसे आले की निरोप त्याला जातो. खात्याला तिचाच नंबर जोडण्याची मोहीम बँकेने आधी घ्यावी, ॲप नंतर. बचत गटाचे खाते दोघींच्या सहीने चालते. ॲपमध्येही अध्यक्ष आणि सचिव दोघींनी आपापल्या फोनवरून होकार दिल्याशिवाय पैसे हलू नयेत. आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोनच नाही त्यांचे काय? इंटरनेटशिवाय चालणारी *९९# सेवा २०१४ साली देशाला अर्पण झाली, साध्या फोनसाठीची युपीआय १२३पे मार्च २०२२ मध्ये आली. आपल्या बँकेच्या खात्याला या दोन्ही चालतात का, ते विचारा. आणि एक पक्के लक्षात ठेवा: ॲप आले म्हणून शाखेची खिडकी बंद होता कामा नये.

आपण काय करायचे

जिल्हा बँकेत मत आपल्या सोसायटीचे असते. सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत होते आणि चहा घेऊन उरकली जाते. या वेळी ती उरकू देऊ नका. ठराव मांडा: ॲपची चाचणी गावात घ्यावी, कर्जाचे पूर्ण पान सभासदाला दिसावे, अडकलेल्या पैशांची भरपाई आपोआप जमा व्हावी, चोरीच्या तक्रारीचे बटण पहिल्या पानावर असावे, भाषा आपली असावी, शाखा चालू राहावी, आणि कंपनीशी झालेला करार सभासदाला वाचायला मिळावा. उद्या ती कंपनी काम सोडून गेली तर आपला हिशेब आणि यंत्राची किल्ली बँकेच्याच हातात राहील, असे त्या करारात लिहिलेले असावे.

जिल्हा मेळाव्याला येताना प्रत्येक तालुक्याने अशी पाच माणसे ठरवून यावे, जी आपल्या फोनवर चाचणीला बसतील. त्यात दोन बाया असाव्यात आणि एक तरी म्हातारा माणूस असावा. काटा बसवून झाल्यावर आरडाओरडा करण्यापेक्षा तो बसवतानाच बाजूला उभे राहिलेले बरे.