रिकाम्या जागेतले अव्यय

इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत ‘योग्य शब्दयोगी अव्यय भरा’ हा प्रश्न वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला आहे. एक रिकामी जागा, एकच बरोबर उत्तर आणि त्यासाठी पाठ केलेली यादी. या पद्धतीने गुण मिळतात. भाषेची जाण मात्र वाढत नाही, असे माझे मत आहे.

‘शाउट’ हे क्रियापद घ्या. त्यापुढे ‘टू’ आले तर दूरच्या माणसाला ऐकू जावे म्हणून आवाज चढवलेला असतो. ‘ॲट’ आले तर तोच आवाज रागाने त्याच्यावर रोखलेला असतो. ‘थ्रो’चेही तसेच. झेलण्यासाठी टाकलेल्या चेंडूला ‘टू’, मारलेल्या दगडाला ‘ॲट’. चारही वाक्ये व्याकरणशुद्धच असतात. निवड ठरते ती प्रसंगावरून आणि पात्रांच्या नात्यावरून. कथा वाचताना हे अव्यय नजरेतून सुटले, तर संवादाचा सूरच निसटतो.

मराठी विद्यार्थ्याला हे परके नाही. ‘तो माझ्याशी बोलला’ आणि ‘तो मला बोलला’ यांतला फरक त्याला शिकवावा लागत नाही. दुसऱ्या वाक्यातले दटावणे त्याला आपसूक कळते. हीच जाण आपण इंग्रजीच्या तासाला वर्गाबाहेर ठेवतो.

यादी सर्वस्वी निरुपयोगी आहे, असे नव्हे. ‘डिपेंड’पुढे ‘ऑन’ का आणि ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ का नको, हे बव्हंशी रूढीचे प्रश्न आहेत. ते लक्षातच ठेवावे लागतात. पण रूढीलाही एकच उत्तर असते असे नाही. ‘डिफरंट’पुढे केवळ ‘फ्रॉम’च चालते, हा समज फाउलर यांनी १९२६ सालच्या आपल्या कोशात अंधश्रद्धेत जमा केला होता.

समानार्थी शब्दांचीही हीच कथा. पीटर मार्क रोजे यांचा ‘थिसॉरस’ १८५२ साली प्रसिद्ध झाला, तो कल्पनांच्या वर्गवारीने. मनातल्या आशयाला नेमका शब्द सापडावा, हा त्यामागचा हेतू. आपण मात्र समानार्थी म्हणजे अदलाबदल करण्याजोगे, असे शिकवतो. ‘स्लेंडर’ आणि ‘स्किनी’ यांत सडपातळ आणि किडकिडीत यांच्याइतकेच अंतर आहे.

तेव्हा प्रश्नच बदलावा. एकाच अव्ययाचा फरक असलेली दोन वाक्ये द्यावीत आणि अर्थ कुठे बदलला, ते दोन ओळींत लिहायला सांगावे. तपासायला वेळ अधिक लागेल, हे मान्य. पण साहित्याच्या शिक्षकाने वेळ द्यावा, तो याच कामाला.